आजोबांची बीएनआर आणि कूपरेज

मागच्या महिन्यात आई-बाबा गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला आले. रविवारी त्यांना फिरवायला मी यादीच करून ठेवली होती. राणीची बाग, तारांगण, गेटवे... बाबांनी यादी बाजूला सारली आणि म्हणाले, "मला कूपरेज दाखव."

कूपरेज? बाबांना मी आयुष्यात कधी फुटबॉल बघताना पाहिलेलं नाही! पण म्हटलं चला. मी, बायको आणि आई-बाबा अशी आमची वरात चर्चगेटला उतरून ओव्हल मैदानाच्या कडेने चालत निघाली. वाटेत बाबांनी उलगडा केला. आजोबा गोंदियाला रेल्वेत फायरमन होते, आणि "कूपरेजवर आपण कप जिंकला होता" हे वाक्य ते मरेपर्यंत सांगायचे.

आपण म्हणजे कोण? तर बीएनआर, म्हणजे बेंगाल नागपूर रेल्वे. ही कंपनी १८८७ ची. नागपूर-राजनांदगाव मीटरगेज लाईन तिने ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केली आणि १८९१ मध्ये नागपूर ते आसनसोल रूळ जोडले. गोंदिया याच मार्गावरचं. गंमत म्हणजे मुंबईत रोव्हर्स कप सुरू झाला तोही १८९१ मध्येच! पहिला कप वूस्टरशर रेजिमेंटने नेला, आणि पुढे कितीतरी वर्षं तो गोऱ्या पलटणींकडेच फिरत राहिला. पहिला भारतीय विजेता थेट १९३७ साली, बंगलोर मुस्लिम्स. मग १९५० ते १९५४ सलग पाच वेळा हैदराबाद सिटी पोलीस.

तेव्हाचा फुटबॉल हा असा नोकरदारांचा. पोलीस, रेल्वे, गिरण्या. खेळाडूला पैशापेक्षा पक्की नोकरी हवी असायची. बीएनआरचा संघ कलकत्ता लीगमध्ये मोहन बागान, ईस्ट बंगालशी भिडायचा. कंपनी १९४४ मध्ये सरकारने घेतली, १९५२ मध्ये ती पूर्व रेल्वेत गेली आणि १९५५ मध्ये दक्षिण पूर्व रेल्वे झाली. इंजिनांवरचं नाव गेलं, पण संघाचं नाव बीएनआरच राहिलं. साठच्या दशकात याच संघाने कूपरेजवर रोव्हर्स कप जिंकला. आजोबांना ही बातमी हावड्याकडून आलेल्या गाडीच्या गार्डने सांगितली म्हणे.

आम्ही पोचलो तेव्हा स्थानिक लीगचा सामना चालू होता. छोटंसं स्टेडियम, कृत्रिम हिरवळ, मोजकेच प्रेक्षक. रोव्हर्स कप तर २००१ च्या सुमारासच बंद पडला. आई म्हणाली, "एवढ्यासाठी आलो का बाप्पा आपण?" बाबा काही बोलले नाहीत. पूर्ण सामना बसून पाहिला. मध्येच शेजारच्या मुलाला विचारलं, "हे पोरं कुठं कामाला आहेत?" त्या बिचाऱ्याला प्रश्नच कळला नाही.

मला मात्र तो प्रश्न घरी येईपर्यंत पुरला. आजोबांनी ना तो सामना पाहिला, ना मुंबई. कंपनी तर कागदावरून कधीच पुसली गेली होती. तरी कोळसा टाकणारा हा माणूस म्हणायचा, "आपण जिंकलो." मी सहा वर्षांत तीन कंपन्या बदलल्या. तिन्हींचे टी-शर्ट घरात आहेत, त्यातला एक लादी पुसायला. टीमने क्रिकेट स्पर्धा जिंकली तेव्हाही मी मेलमध्ये 'अभिनंदन' एवढंच लिहिलं होतं. 'आपण' काही लिहिलं नव्हतं.

असो. आजोबांना तरी नोकरीवर एवढं प्रेम होतं की सवय होती, कोण जाणे. परत जाताना दादरला गाडीत बसल्यावर बाबा म्हणाले, "झालं एक काम." मी विचारलं, "मैदान कसं वाटलं?"

"लहान आहे रे," बाबा म्हणाले. "तुझे आजोबा सांगत, त्याहून फार लहान."