तळटीप १२ : गर्दी आणि सर्व्हरलेस
१२. गुरुकुंज मोझरी (ता. तिवसा, जि. अमरावती) : राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा आश्रम. महाराजांचे निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झाले. पुण्यतिथी महोत्सवाला लाखो गुरुदेवभक्त येतात. लेखकाने या गर्दीचा दाखला संगणकसेवेवरील एकदम उसळणाऱ्या मागणीसाठी दिला आहे. सर्व्हरलेस पद्धतीत काम आले की संगणकशक्ती मिळते, संपले की सुटते. ॲमेझॉनच्या लॅम्डा (२०१४) सेवेत आकारणी मिलिसेकंदांवर होते. मेमरी वाढवली की प्रोसेसरचा वाटाही वाढतो. त्यामुळे मेमरीत काटकसर केल्यास काम रेंगाळून उलट महागही पडू शकते. वापराविना थंड पडलेले फंक्शन (सेवेत चालणारा छोटा प्रोग्राम) सुरू व्हायला वेळ घेते. म्हणून गर्दीच्या आधीच त्याच्या काही प्रती तयार ठेवतात. त्या नुसत्या पडून राहिल्या, तरी भाडे चुकत नाही. – संपा.