05:29:60 : लिनक्स सर्व्हर अडखळले ती पहाट

(सर्व वेळा भारतीय)

5 जानेवारी 2012
पृथ्वीचे फिरणे अणुघड्याळाइतके नेमके नसते. दोघांचा मेळ राहावा म्हणून 30 जूनअखेर जागतिक वेळेत एक सेकंद वाढवायचा, असे आयईआरएस ही संस्था जाहीर करते. पुण्याजवळच्या लोणी काळभोरच्या घड्याळात ती वेळ 1 जुलैच्या पहाटे साडेपाचची.

शनिवार, 30 जून, 05:30
यंत्रांची घड्याळे जुळवणारे एनटीपी सर्व्हर 'आज एक सेकंद जादा' अशी सूचना देऊ लागतात. लिनक्सचा गाभा असलेल्या कर्नलच्या जुन्या आवृत्तीचे काही सर्व्हर तो सेकंद येण्याआधीच गोठतात.

08:34
वादळामुळे व्हर्जिनियातल्या अ‍ॅमेझॉनच्या डेटा सेंटरची वीज जाते. नेटफ्लिक्स, इन्स्टाग्राम बंद पडतात. याचा जादा सेकंदाशी संबंध नाही, पण अनेक अभियंते तो येण्याआधीच त्या गडबडीत अडकतात.

रविवार, 1 जुलै, 05:29:60
जादा सेकंद घालण्यासाठी कर्नल घड्याळ एक सेकंद मागे घेतो, पण ही खबर आपल्याच टायमर यंत्रणेला देत नाही. ती एक सेकंद पुढेच राहते. प्रोग्रामने 'अर्धा सेकंद थांब' म्हटले की 'वेळ संपली' असे उत्तर लगेच येते. प्रोग्राम पुन्हा विचारतो, पुन्हा तेच उत्तर.

05:30 नंतर
जावा आणि मायएसक्यूएलच्या प्रक्रिया सीपीयू शंभर टक्के खाऊ लागतात. रेडिट आणि मोझिलाच्या सेवा कोलमडतात. क्वांटास विमान कंपनीच्या प्रवाशांचे चेक-इन हाताने करावे लागते.

निदान
'टॉप' ही आज्ञा फक्त दोषी दिसणारी प्रक्रिया दाखवते. कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या 'डीमेसेज'मध्ये मात्र जादा सेकंद घातल्याची नोंद असते. सगळी यंत्रे एकाच क्षणी बिघडली, ही दुसरी खूण.

उपाय
एनटीपी थांबवा, 'डेट' आज्ञेने आहे तीच वेळ पुन्हा लावा, एनटीपी सुरू करा. वेळ लावताना कर्नल टायमरना खबर देतो आणि सर्व्हर रीबूट न करता शांत होतो. मूळ दोषावर कर्नल विकासक जॉन स्टुल्ट्झ यांनी त्याच महिन्यात दुरुस्ती दिली.

लोणी काळभोरच्या महाविद्यालयांत लिनक्स शिकणाऱ्यांना एवढेच सांगणे : सर्व्हर अडला की रीबूटआधी लॉग वाचा आणि बिघाड नेमका कोणत्या क्षणी सुरू झाला ते शोधा. रीबूटने यंत्र चालू होते, कारण कळत नाही. आणि कारण कळले नाही तर तोच बिघाड पुन्हा येतो.