पोतराज

मरीआई, लक्ष्मीआई या ग्रामदेवतांचा भटका उपासक. ‘कडकलक्ष्मी’ या नावानेही परिचित. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर–करमाळा भागासह महाराष्ट्राच्या मोठ्या भागात ही परंपरा आहे. आंध्र-तेलंगणातील ‘पोतुराजू’ या ग्रामदेवींच्या भावाशी तिचे नाते जोडले जाते. उपासक मुख्यतः मातंग व पूर्वाश्रमीच्या महार समाजांतील. पोतराज म्हणून नवसाने देवीला वाहिलेल्या मुलाचे केस कापत नसत.

कमरेला रंगीत खणांचा घोळदार घागरा, अंग उघडे, कपाळी हळद-कुंकवाचा मळवट, पायांत घुंगरू, हाती कोरडा (चाबूक). सोबतची स्त्री डोक्यावर देव्हारा घेऊन ढोलके वाजवते. पोतराज कोरडा हवेत कडाडवून स्वतःच्याच अंगावर ओढतो. पटकीच्या साथीत मरीआईचा गाडा शिवेपार नेला जाई (पहा : मरीआई). पोतराजाचे काम देवीचा कोप शमवण्याचे; त्याला चेटूक करणाऱ्यांत गणणे चुकीचे आहे (पहा : करणी, देवऋषी).

१९५६च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध झालेल्या अनेक महार कुटुंबांनी ही प्रथा सोडली. पोतराज कोरडा स्वतःवरच ओढतो; मात्र भूत उतरवण्याच्या नावाखाली दुसऱ्याला चाबकाने मारणे महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे (पहा : अंधश्रद्धा निर्मूलन).