जुन्या संगणकाची नव्या जाळ्याशीं सोयरीक

ज्या कंपनीचें दिवाळें १९९४ सालीं वाजलें, तिचें एक यंत्र आजही एखाद्या घरच्या बिनतारी जाळ्यांत सुखानें नांदतें, हें ऐकून श्रोत्यांस नवल वाटेल. यंत्राचें नांव 'कमोडोर ६४'. अमेरिकेंत तें १९८२ सालीं विक्रीस आलें. त्याची स्मृति अवघी ६४ किलोबाइटांची; आजचें एखादें छायाचित्रही तींत मावावयाचें नाहीं. जाळ्याची तार जोडावयास त्यास जागाच नव्हती.

बाहेरच्या जगाशीं त्याचें बोलणें होई तें दूरध्वनीच्या तारेवरून, मोडेम नामक मध्यस्थामार्फत. १९८१ सालीं हेज कंपनीनें मोडेमला आज्ञा देण्याची एक रीत घालून दिली. 'एटी' हीं दोन अक्षरें आलीं कीं मोडेमनें कान टवकारावे. पुढें 'डी' व क्रमांक आला कीं नंबर फिरवावा. पलीकडून उत्तर मिळतांच 'कनेक्ट' असें कळवावें. इतर कारखानदारांनीं हीच रीत उचलली, आणि पुढें तीच तारक ठरली.

२०१४ च्या सुमारास शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी८२६६ ही अल्पमोली चिप बाजारांत आली. हौशी मंडळींनीं तिला हेजची भाषा शिकविली व ती जुन्या यंत्राच्या पाठीमागील खांचेंत बसविली. आतां यंत्र 'एटीडी' म्हणतें. चिप नंबर न फिरवितां घरच्या जाळ्यांतून इंटरनेटवरील पत्ता गांठते, आणि मोठ्या गंभीरपणें 'कनेक्ट' असें उत्तर देते. जाळ्याचा परवलीचा शब्दही तीच जाणते. यंत्र बिचारें १९८२ सालांतच आहे! यास कोणी फसवणूक म्हणोत. परंतु त्याचा एकही टांका न उसवतां तें बोलतें राहिलें, हें मोल थोडें नव्हे.

स्वीडनच्या ॲडम डंकेल्स यांनीं २००३ सालीं 'कॉन्टिकी' ही प्रणाली रचून इंटरनेटचे नियमच या लहानशा स्मृतींत बसवून दाखविले.

खरी अडचण कुलुपांची. आजचीं बहुतेक संकेतस्थळें गुप्तलिपींत बोलतात. सेकंदास सुमारें दहा लक्ष ठोके टाकणाऱ्या यंत्रास तें गणित पेलत नाहीं. म्हणून मध्यें दुसरा संगणक ठेवून त्याच्याकडून कुलूप उघडवावें लागतें. 'विंडोज एक्सपी'चीं यंत्रें मात्र जाळ्यास सरळ जोडतां येतात, आणि धोका तेथेंच अधिक. त्यांची नियमित डागडुजी एप्रिल २०१४ मध्यें थांबली; त्यांतील भगदाडें चोरांस ठाऊक आहेत. जाणकार अशीं यंत्रें जाळ्याच्या निराळ्या, बंद भागांत ठेवतात. कमोडोरची भाषा बहुधा चोरांनाही येत नसावी.

३०० च्या जुन्या वेगानें सेकंदास सुमारें ३० अक्षरें येतात. पडद्यावर ४० अक्षरांच्या २५ ओळी. तो भरावयास अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागतो. नवी चिप याहून पुष्कळ जलद बोलूं शकते, तरी कोणी कोणी तो वेग मुद्दाम ३०० वरच ठेवतात.