सॉफ्टवेअर फुकट, होस्टिंग विकत. मग बनवणाऱ्याला काय मिळतं?

समजा, पेणच्या एका गणपती कारखान्याला वेबसाइट काढायची आहे. मूर्तींचे फोटो, उंची, दर आणि आगाऊ नोंदणी, एवढंच हवंय. वेबसाइट करून देणारा बहुधा वर्डप्रेस सुचवेल. वर्डप्रेस फुकट आहे, पण वेबसाइट चोवीस तास चालू ठेवायला सर्व्हर लागतो. त्याचं भाडं म्हणजे होस्टिंग. हे पैसे होस्टिंग कंपनीला जातात. त्यातला वाटा वर्डप्रेस घडवणाऱ्यांना देण्याचं बंधन तिच्यावर नाही.

पेणकरांना हे साच्यावरून चटकन कळेल. एका मूर्तिकाराने मूळ मूर्ती घडवली, साचा काढला आणि सांगितलं, 'कुणीही वापरा.' हमरापूर, जोहे परिसरातले कारखाने त्यातून हजारो मूर्ती काढून विकू लागले. साचा दुरुस्त करायची वेळ आली की मात्र सगळे त्या एकट्याच्या दारात.

लायसन्समध्ये वाटा का मागत नाहीत?

कारण मग ते ओपन सोर्स राहत नाही. वर्डप्रेसचं जीपीएल लायसन्स सॉफ्टवेअर वापरायला, बदलायला आणि त्यावर धंदा करायलाही मोकळीक देतं. रॉयल्टीची अट घालता येत नाही. हातात उरतं ते नाव, म्हणजे ट्रेडमार्क. कोड सगळ्यांचा असला तरी नाव मालकाचं असतं.

मूडलने हाच रस्ता धरला. आयआयटी मुंबईसह जगभरच्या शिक्षणसंस्था वापरतात ती ही ऑनलाइन वर्गाची प्रणाली ऑस्ट्रेलियात जन्मली. मूडलच्या नावाने होस्टिंग आणि सेवा विकायच्या, तर अधिकृत भागीदार व्हायचं आणि उत्पन्नातला ठरलेला वाटा मूळ कंपनीला द्यायचा. अटी आधीच ठाऊक असल्याने भांडणाला जागा कमी.

वर्डप्रेसमध्ये काय बिनसलं?

तिथे वाटा उशिरा आणि जाहीर भांडणातून मागितला गेला. सहसंस्थापक मॅट मुलेनवेग यांनी २०१४ मध्ये कंपन्यांना आवाहन केलं होतं की, आपली ५ टक्के साधनं वर्डप्रेसच्या कामाला द्या. ते ऐच्छिक होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांच्या ऑटोमॅटिक कंपनीने डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीकडे उत्पन्नाच्या ८ टक्के मागितले; रोख द्या किंवा तेवढ्या किमतीचं काम करून द्या. कारण सांगितलं ट्रेडमार्कचं. डब्ल्यूपी इंजिनने नकार दिला. मग वर्डप्रेस डॉट ऑर्गचे दरवाजे तिला बंद झाले आणि तिच्या ग्राहकांच्या प्लगिन अपडेट अडकल्या. प्रकरण अमेरिकेच्या कोर्टात गेलं. १० डिसेंबर २०२४ रोजी कोर्टाने प्रवेश पूर्ववत करण्याचा अंतरिम आदेश दिला.

मागणीमागचा मुद्दा खोटा नव्हता. पण वाटा मागणारी ऑटोमॅटिक स्वतःही होस्टिंग विकते, म्हणजे पंचही तोच आणि खेळाडूही तोच. भुर्दंड पडला तो दोघांच्या भांडणाशी संबंध नसलेल्या वेबसाइटवाल्यांना. ऐन गणपतीच्या हंगामात नोंदणीचं पान असं अडकलं तर कारखानदाराने काय करायचं?

आपल्याकडे?

मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे हिशोब, साठा, उत्पादन सांभाळणारं सॉफ्टवेअरही जीपीएलखाली आहे. रोह्याच्या धाटाव एमआयडीसीतला एखादा कारखाना ते स्वतःच्या सर्व्हरवर फुकट चालवू शकतो, दुसऱ्या होस्टिंगवाल्याकडे ठेवू शकतो, किंवा फ्रॅपे क्लाउडवर भाडं भरू शकतो. तिसऱ्या पर्यायात पैसे थेट बनवणाऱ्यांकडे जातात. वाटणीचा प्रश्नच उरत नाही. मात्र मग स्वस्त होस्टिंगवाल्यांशी दरात टक्कर द्यावी लागते.

काही जण आपणहून वाटा देतात. पिकापॉड्स ही होस्टिंग सेवा अनेक ओपन सोर्स ॲप चालवते आणि उत्पन्नातला काही भाग त्यांच्या निर्मात्यांना देते. झिरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्लॉस फंड सुरू केला, वर्षाला १० लाख डॉलरचा. पण ते अनुदान आहे, वाटणी नव्हे. ग्राहक वाढले म्हणून ते आपोआप वाढत नाही.

होस्टिंग घेताना विक्रेत्याला विचारता येतील असे दोन प्रश्न: मूळ प्रकल्पाला तुम्ही पैसे किंवा माणसं देता का? आणि उद्या तुमचं त्यांच्याशी फाटलं, तर माझ्या वेबसाइटचा पूर्ण बॅकअप किती दिवसांत माझ्या हातात द्याल?