नांगर आणि वाडी

धंदा आणि तत्त्व हे दोन शब्द एका वाक्यात आले की आपल्या मराठी श्रोत्याच्या ओठांच्या कोपऱ्यात थोडेसे हसू उमटते. व्याख्यानात तत्त्व ऐकावे, पण उधारीचा हिशेब करायला बसताना ते खुंटीला टांगून ठेवावे, अशी आपली रूढ समजूत आहे. आणि ही समजूत निव्वळ हवेतून आलेली नाही. तिच्या बाजूने साक्ष देणारे पुष्कळ दुकानदार आपल्या प्रत्येकाच्या ओळखीचे असतात. माणसाला जे खरे वाटते त्याला धरून धंदा उभा करता येतो काय, आणि तो केला तर त्यातून काय निष्पन्न होते, हा प्रश्न मला आज घ्यायचा आहे. पण उपदेशाने त्याचे उत्तर देण्याची माझी तयारी नाही. एक ठिकाण घ्यावे, तेथे काय घडले ते पाहावे, आणि मगच बोलावे, हा मार्ग मला बरा वाटतो. ते ठिकाण म्हणजे किर्लोस्करवाडी.

लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. घरात वडिलांचे वेदान्ताचे अध्ययन. मुलाचे लक्ष चित्रांकडे आणि चाकांकडे. चित्रकलेसाठी तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला, आणि तेथे दोनएक वर्षांनी असे आढळले की काही रंगांतला भेद त्याच्या डोळ्यांना कळतच नाही. चित्रकाराच्या दृष्टीने याहून मोठे दुर्दैव कोणते? पण रेषेला रंग लागत नाही. लक्ष्मणराव यंत्राच्या आराखड्यांकडे वळले, आणि व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले. पुढे त्यांना मिळायची बढती एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला मिळाली, आणि त्यांनी नोकरी सोडली. या राजीनाम्यावर पुष्कळांनी स्वाभिमानाची फुले वाहिली आहेत. मला मात्र त्यात दुसरीही एक गोष्ट दिसते. बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा यांच्या हाती सायकलींचे दुकान 1888 पासून चालू होते. स्वाभिमानाला टेकायला एक भिंत होती. ही भिंत नसती म्हणून कितीजणांचा स्वाभिमान नोकरीत मुकाट्याने जिरला असेल, याचा हिशेब इतिहासात सापडत नाही.

सायकलीचा धंदा वाईट नव्हता. साहेब, वकील, अंमलदार हे गिऱ्हाईक रोख देणारे. हाच धंदा वाढवीत नेला असता तर किर्लोस्कर हे बेळगावातले सधन व्यापारी म्हणून सुखाने म्हातारे झाले असते. पण दुसऱ्याने बनवलेला माल आणून विकण्यात या माणसाचे मन रमेना. आपल्या हाताने काही घडवावे, आणि ते ज्याला खरोखर लागते त्याच्यासाठी घडवावे, असे त्यांना वाटे. आधी कडबा कापण्याचे यंत्र झाले, आणि 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर आला.

हा काळ ध्यानात घ्यावा. 1896-97 आणि 1899-1900 असे दोन भीषण दुष्काळ दख्खनच्या शेतकऱ्याच्या अंगावरून नुकतेच गेले होते. बैल मेले, भांडीकुंडी गेली, जमिनी गहाण पडल्या. मुंबईचे भांडवल कापडाच्या गिरण्यांत फिरत होते. शेताच्या अवजारात पैसा घालावा असे कोणत्याही शहाण्या शेठजीला वाटले नसते, कारण ज्याला ते विकायचे त्याच्याजवळ द्यायला काही नव्हतेच. गिऱ्हाईक पाहून माल ठरवणे हा व्यापाराचा नियम. इथे गरज पाहून माल ठरवला गेला, आणि त्याची शिक्षा लगेच झाली. लोखंडाने जमिनीला विष बाधते, काळी आई नासते, असे शेतकरी म्हणू लागले. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली.

आमचे सुशिक्षित लेखक या ठिकाणी शेतकऱ्याच्या अडाणीपणावर एक परिच्छेद खर्ची घालतात. मला तो अन्याय वाटतो. ज्याचे एक पीक बुडाले की घर सावकाराच्या दारात जाऊन उभे राहते, त्याने नव्या अवजाराविषयी शंका घ्यावी, यात अडाणीपणा कसला? प्रयोग करायला पदरी काही शिल्लक लागते; ती त्याच्याजवळ नव्हती. विषाची गोष्ट खोटी होती, पण तिच्यामागची भीती खरी होती. आणि कारखानदाराचे खरे मोल येथे लागले, कारण त्याला त्या भीतीची वाट पाहत बसावे लागले. दोन वर्षे लोखंड पडून राहिले, कामगारांचा पगार चालू राहिला, आणि नांगर काही सोडला नाही. पुढे 1905 नंतर स्वदेशीची लाट आली, सभांमधून शपथा झाल्या; पण नांगर शपथेवर खपत नसतो. शेजारच्या रानात तो चालताना दिसला, ढेकूळ खोलवरून पलटलेले दिसले, हराळीची मुळे वर आलेली दिसली, म्हणजे बांधावरचा माणूस किंमत विचारतो.

धंदा असा कोठे पाय रोवतो आहे तोच बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला सांगितली. अशा वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. लक्ष्मणरावांनी औंधात बांधकामाचे काम केले होते, त्यातून ओळख झालेली. पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. एका चित्रकार राजाने चित्रकला सुटलेल्या माणसाला आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनाजवळ बत्तीस एकर माळ आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. आजच्या पतपेढीच्या अधिकाऱ्यापुढे हा व्यवहार ठेवला तर तो कागद बाजूला सारील. तारण काय? माणूस. दुसरे काहीच नव्हते.

10 मार्च 1910 रोजी तेथे काम सुरू झाले. माळावर निवडुंग आणि निवडुंगात नाग, असा तो मुलूख. पंचवीसएक कामगार आपली बायकामुले घेऊन तेथे आले. निवडुंग तोडणारे हात आणि लोखंड ओतणारे हात तेच होते. वस्तीची आखणी आणि कारभार रामूअण्णांकडे आला, यंत्रांचे काम शंभूराव जांभेकरांकडे, हिशेब मंगेशराव रेग्यांकडे. अनंतराव फळणीकर हे शाळा अर्ध्यावर सोडलेले गृहस्थ. त्यांच्या हातून पुढे शोधक यंत्रज्ञाची कामे झाली. नेमणूक करताना लक्ष्मणराव प्रशस्तिपत्रे किती पाहत होते, हे यावरून ध्यानात येईल.

पण मला सर्वांत अधिक थांबावेसे वाटते ते वाडीच्या पहारेकऱ्यांपाशी. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग ही ती नावे. दोघांचीही नावे दरोड्यांशी जोडली गेलेली. त्या काळी सरकारने 1871 च्या कायद्याने कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवून टाकल्या होत्या. मूल पाळण्यात असतानाच त्याच्यावर संशयाचा शिक्का. हा कायदा रद्द व्हायला 1952 साल उजाडले. अशा दिवसांत लक्ष्मणरावांनी या दोघांच्या हाती कारखान्याची राखण दिली. ते दोघे विश्वासास पुरेपूर उतरले. माणुसकीवर निबंध लिहिणे सोपे आहे. आपली ओतशाळा, आपले गुदाम आणि आपली झोप एकदम दुसऱ्याच्या हवाली करणे, हे ज्याच्या खिशाला झळ लागू शकते त्याच्याच लेखी खरे कळते. वाडीत शिवाशिव पाळायची नाही, हाही दंडक होता, आणि तोही 1910 च्या दशकात, जेव्हा पुण्यामुंबईचे पुष्कळ सुधारक व्यासपीठावरून उतरल्यावर घरी जाऊन आंघोळ करीत असत.

पहिल्या महायुद्धात परदेशी माल येणे थांबले, लोखंड दुर्मिळ झाले. नांगराला आता मागणी होती आणि ओतायला धातू नव्हता. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यावरच्या जुन्या तोफा दिल्या. त्या वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले. कवीला सुचावी अशी ही घटना, पण तिच्या मुळाशी काव्य नव्हते, टंचाई होती.

1920 साली कारखान्याची मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. कारखान्याच्या मालाची बातमी गिऱ्हाइकांना कळवावी, एवढाच मूळ हेतू. पण ओतशाळेच्या शेजारी जन्मलेले हे मासिक बघता बघता विज्ञान, उद्योग आणि समाजसुधारणा यांवर बोलू लागले. 1930 साली ‘स्त्री’, 1934 साली ‘मनोहर’ अशी भावंडे त्याला झाली. मराठी घरांतील किती बायकांच्या हाती वाचायला पहिले नियतकालिक आले ते या नांगराच्या कारखान्याकडून! याच शंकररावांनी आपल्या काकांचे चरित्र लिहिले, त्याचे नाव ‘यांत्रिकाची यात्रा’. धनी, उद्योगपती, शेठ यांपैकी एकही शब्द त्यांनी मथळ्यात घेतला नाही.

येथपर्यंतची कथा आपल्याला सुखावते. पण इतिहास येथे थांबत नाही.

30 जानेवारी 1948 रोजी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. मारेकरी महाराष्ट्रीय ब्राह्मण, ही बातमी पसरताच दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरेदारे पेटू लागली. त्या वणव्यात किर्लोस्करवाडीही सापडली. जमाव आला आणि कारखान्याला आग लावली गेली. निवडुंग तोडून उभी राहिलेली अडतीस वर्षांची मेहनत जळाली. आणि ती कोणाची? ज्या वाडीने शिवाशिव उंबऱ्याबाहेर ठेवली, ज्या वाडीच्या पहाऱ्यावर रामोशी आणि मांग उभे होते, तीच वाडी ‘ब्राह्मणाची’ म्हणून जळाली. आलेल्या माणसांपैकी काहींच्या परड्यात याच कारखान्याचा नांगर उभा असेल, ही कल्पना मनातून जात नाही.

याचे दोन अर्थ मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहेत. कोणी म्हणतात, बघा, चांगुलपणाचे फळ हे! लोक कृतघ्न. तर कोणी म्हणतात, तो चांगुलपणाच वरवरचा. मालक शेवटी मालक. मला दोन्ही पटत नाहीत. त्या दिवसांत जे पेटले त्यात ज्याने पिढ्यान्‌पिढ्या सावकारी केली तो आणि ज्याने केली नाही तो, अशी निवड कोणी करीत नव्हते. आंधळ्या आगीकडून गुणपत्रिका मागण्यात अर्थ नाही. पण म्हणून त्या आगीतून काहीच शिकायचे नाही, असेही नव्हे.

मला एक गोष्ट जाणवते, ती भीत भीत सांगतो. वाडीच्या कुंपणाच्या आत जे नवे जग होते, ते लक्ष्मणराव आणि रामूअण्णा यांच्या शहाणपणावर उभे होते. कोणाला घ्यायचे, कसे राहायचे, काय पाळायचे नाही, हे वडीलधाऱ्यांनी ठरवायचे आणि घरच्यांनी मानायचे. वडीलधारे थोर होते म्हणून घर नीट चालले. याच औंधच्या पंतप्रतिनिधींनी 1939 साली गांधीजींच्या सल्ल्याने आपली राजसत्ता कायद्याने प्रजेच्या हाती दिली, गावोगाव पंचायती नेमल्या. राजाने कागदावर जे केले ते कारखान्याने कुंपणाबाहेरच्या कुंडलच्या माणसासाठी केले नव्हते. आणि त्या काळी कोणत्या कारखान्याने केले होते, असे कोणी विचारले तर मजजवळ उत्तर नाही. कुंपणाबाहेरून पाहणाऱ्याला दिवे दिसत होते, पाण्याचे नळ दिसत होते, मालकाचे आडनाव दिसत होते. आतला दंडक त्याला दिसत नव्हता, कारण तो ठरवताना त्याला कोणी बोलावलेच नव्हते. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याच्या शेतात नांगर नेऊन दाखवला. वाडी मात्र कोणाच्या बांधावर नेऊन दाखवता येण्याजोगी नव्हती.

त्या वेळी लक्ष्मणरावांना अठ्ठ्याहत्तर वर्षे पुरी झाली होती. मुलगा शंतनुराव याच्या हाती कारभार होता. पुण्यात तेलावरच्या एंजिनांचा कारखाना 1946 पासून उभा राहत होता, बंगळूरला आणि हरिहरला वेगळ्या कंपन्या निघाल्या होत्या. भांडवल आणि माणसे उचलून सगळे पुण्याला न्यावे, आणि या माळाला रामराम ठोकावा, असे कोणाच्या मनात आले असते तर त्याला नावे ठेवायला जागा नव्हती. 8 मार्च 1948 रोजी औंध संस्थानही विलीन झाले. ज्या राजाच्या शब्दावर वाडी वसली त्याचे राज्यच उरले नाही. तरी जळालेला कारखाना त्याच जागी पुन्हा उभा केला गेला. त्याच कुंडलच्या शेजारी, त्याच गावांतून कामाला येणाऱ्या माणसांना घेऊन.

लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 रोजी पुण्यात वारले. कुंडल रोड स्टेशनाचे नाव बदलून किर्लोस्करवाडी झाले होते, ते आजही तसेच आहे. मिरजेकडे जाणारी गाडी तेथे थांबली की रुळांच्या पलीकडे कारखान्याच्या भिंती दिसतात. तेथे आता पंप होतात.