इच्छामरण : कोणाची इच्छा, कोणाचे मरण?

पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा यंत्रांचा म्हणून ओळखला जातो. परंतु मरणाविषयीची एक जुनी परंपराही या भूमीत आहे. चिंचवडला पवनेच्या काठी मोरया गोसावींची संजीवन समाधी आहे. चाकणच्या अलीकडे इंद्रायणीकाठी आळंदी आहे, तेथे इ. स. १२९६ मध्ये ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली. आपण होऊन, शुद्धीत, आप्तांच्या साक्षीने देह ठेवणे ही गोष्ट येथे पूज्य मानली गेली. त्याच वारकरी परंपरेत इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला चोखोबा गेले. गावकुसाच्या बांधकामावर ते वेठीला राबत होते. कूस कोसळली आणि इतर महार मजुरांबरोबर तेही तिच्याखाली गाडले गेले. एकाला मरणाची घटका निवडता आली, दुसऱ्याला भिंतीने गाठले. इच्छामरणाचा इतिहास लिहायचा तर या दोन मरणांमधले अंतर आधी मोजले पाहिजे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ज्ञानेश्वरांच्या आईवडिलांना धर्मपीठाने देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि त्यांनी नदीत देह टाकला, अशी कथा परंपरेने जपली आहे. ते मरण वरकरणी स्वेच्छेचे होते. पण ती इच्छा कोणी घडवली? मुलांना समाजात घेतील या आशेने जो मरतो त्याच्या मरणाला इच्छामरण म्हणायचे काय? आजच्या वैद्यकाला पडलेला सगळ्यांत कठीण प्रश्न हाच आहे, आणि तो आपल्याकडे सातशे वर्षे उत्तराविना पडून आहे.

विसाव्या शतकात ही चर्चा पुन्हा सुरू झाली ती पांढरपेशा वर्गात. १९६६ साली सावरकरांनी अन्नत्याग करून देह ठेवला. १९८२ साली पवनारला विनोबांनी अन्न आणि औषध नाकारले. त्यांच्यावर ना गुन्हा दाखल झाला, ना कोणी बळेच नळ्या घातल्या. १९८१ साली मुंबईत मिनू मसानी यांच्या पुढाकाराने सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था स्थापन झाली. १९८५ साली सदानंद वर्दे यांनी विधान परिषदेत या विषयावर अशासकीय विधेयक मांडले. ते संमत झाले नाही. या मंडळींचा हेतू प्रामाणिक होता. परंतु त्यांच्या डोळ्यांपुढचा रोगी सुशिक्षित होता, त्याच्या उशाशी डॉक्टर होता आणि औषधाचा खर्च हा त्याचा पहिला प्रश्न नव्हता.

त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयापुढे दुसराच माणूस उभा राहिला. मारुती श्रीपती दुबळ हा पोलीस शिपाई. अपघातात डोक्याला मार लागून त्याला मानसिक आजार जडला होता. बायकोच्या भाजीच्या गाळ्यासाठी परवाना मिळावा म्हणून तो महापालिकेत खेटे घालत होता. दाद लागेना, तेव्हा त्याने अंगावर रॉकेल ओतले. शासनाने त्याला गाळा दिला नाही; आत्महत्येच्या प्रयत्नाचा खटला मात्र दिला. १९८६ साली न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि न्यायमूर्ती कोळसे-पाटील यांनी भारतीय दंडविधानाचे कलम ३०९ घटनाबाह्य ठरवले. मात्र दयामरण ही वेगळी गोष्ट आहे, तेथे दुसऱ्याचा हात लागतो, हेही त्या निकालाने बजावले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली कलम ३०९ बाबत असेच मत दिले आणि १९९६ साली ग्यान कौर खटल्यात ते फिरवले. दुबळ यांच्या खटल्याचा कायदेशीर अर्थ पुष्कळांनी सांगितला. सामाजिक अर्थ सरळ आहे : त्या माणसाला मरण नको होते, भाजीचा गाळा हवा होता.

मग अरुणा शानभाग. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या परिचारिकेवर अत्याचार झाला आणि पुढची बेचाळीस वर्षे ती त्याच रुग्णालयात अचेतनप्राय पडून राहिली. तिचे अन्न थांबवावे अशी याचिका पिंकी विराणी यांनी केली. ती ७ मार्च २०११ रोजी फेटाळली गेली. मात्र उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीवरक्षक उपचार थांबवण्याची वाट त्याच निकालाने मोकळी केली. परिचारिकांनी विरोध केला होता. तिला भरवणाऱ्या, कूस बदलणाऱ्या, स्वच्छ करणाऱ्या हातांचे म्हणणे न्यायालयाला ऐकावे लागले. मळ काढणारा हात नेहमी गप्प बसवला जातो. येथे तो बोलला. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणाचा मृत्यू झाला.

९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच आहे असे सांगितले आणि आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. २०२३ साली त्याची पद्धत सोपी करण्यात आली : दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, रुग्णालयात डॉक्टरांची दोन मंडळे. इंजेक्शन देऊन मरण आणणे आजही गुन्हाच आहे. परवानगी आहे ती निरर्थक ठरलेले उपचार थांबवण्याची.

आता आपल्या पट्ट्याकडे यावे. पिंपरीचे नाव देशभर झाले ते औषधामुळे. १९५४ साली येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि पेनिसिलिन बनू लागले. गरिबाला परवडेल असे जीवन तयार करण्याची ती प्रतिज्ञा होती. डॉ. आंबेडकर मजूरमंत्री असताना कामगारांच्या आरोग्यविम्याची आदारकर योजना १९४४ साली तयार झाली. तिच्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आला. २०१७ पासून त्याची वेतनमर्यादा दरमहा २१,००० रुपये झाली. पण कागदावर पात्र असणे वेगळे आणि ठेकेदाराने नाव नोंदवणे वेगळे. मराठवाड्यातून, बिहारमधून, ओडिशातून आलेला ठेकेदारी कामगार अतिदक्षता विभागात पोहोचतो तेव्हा त्याच्याजवळ विम्याचे कार्ड असेलच असे नाही.

अशा वेळी काय घडते, हे रुग्णालयाच्या दारात उभा राहिलेला प्रत्येक जण जाणतो. अनामत संपते. घरचे म्हणतात, गावी नेतो. डॉक्टर ‘डामा’ लिहितात, म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध रोगी नेला. सही होते, ऑक्सिजनची नळी निघते, गाडी रस्त्याला लागते. येथे ना मंडळ बसते, ना इच्छापत्र निघते. ज्या निर्णयासाठी घटनापीठ बसले तो निर्णय पैशाच्या खिडकीपाशी होतो. मी याला इच्छामरण म्हणणार नाही. ही वेठ आहे, चोखोबांवर पडलेली तीच भिंत आहे.

डॉक्टरांची अडचणही खोटी नाही. उपचार थांबवले तर गुन्हा दाखल होईल, चालू ठेवले तर बिलासाठी अडवले म्हणून नातेवाईक अंगावर येतील, अशा कात्रीत ते असतात. त्यातून पुष्कळ डॉक्टर मौन पत्करतात. रोग्याचे मत तर सर्वांत शेवटी विचारले जाते. त्याची भाषा वेगळी, धर्म वेगळा. मुसलमान म्हणतो, जीव अल्लाची अमानत. ख्रिस्ती माणसाला १९५७ चे पोप पायस बारावे यांचे मत आठवते, की असाधारण उपचार चालूच ठेवण्याचे बंधन नाही. जैनांना संथारा पवित्र. राजस्थान उच्च न्यायालयाने २०१५ साली तो गुन्हा ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात त्या निकालाला स्थगिती दिली. या सर्वांना एकच छापील कागद पुढे करून चालणार नाही.

आणि आपण बौद्ध? १९५४ च्या २५ डिसेंबरला डॉ. आंबेडकरांनी याच पट्ट्यातील देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. विनयात मरणाची स्तुती करून दुसऱ्याला मरणाकडे ढकलणाऱ्या भिक्षूला संघातून काढण्याचा नियम आहे. त्याच विनयात अतिसाराने लोळत पडलेल्या भिक्षूला बुद्धाने स्वतः आंघोळ घातल्याची कथा आहे. दोन्ही एकत्र वाचल्या पाहिजेत. पहिली सांगते, गरिबाला मरणाची महती ऐकवू नका. दुसरी सांगते, त्याच्याजवळ बसा आणि त्याचे दुःख हलके करा.

दुःख हलके करण्याचे साधन आहे. मॉर्फिन स्वस्त आहे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या जाचाने ते रुग्णालयांतून दुर्मिळ झाले आणि २०१४ च्या दुरुस्तीने वाट थोडी मोकळी झाली. पुण्याजवळ वारजे येथे १९९७ पासून कर्करोग्यांसाठी विनामूल्य शुश्रूषा केंद्र चालते. जे वारज्याला शक्य आहे ते चाकणला का नको?

काही मित्र म्हणतील, जगण्याचा हक्कच नाही तेथे मरणाच्या हक्काची चर्चा ही चैन आहे. मला हे पटत नाही. हक्क नाकारला म्हणून गरीब मरायचा थांबत नाही. तो नळ्यांत अडकून आणि कर्जात बुडून मरतो. इच्छापत्र त्यालाही हवे, त्याच्या भाषेत, त्याला समजावून, आणि सरकारी रुग्णालयात उपचाराची पूर्ण सोय त्याच्यापुढे मांडून. जगण्याचा पर्याय खुला असताना माणूस ‘आता पुरे’ म्हणाला, तरच ती त्याची इच्छा. म्हणून कामगार संघटनांनी बोनसच्या मागणीपत्रात यापुढे दोन ओळी वाढवाव्यात : प्रत्येक ठेकेदारी कामगाराची विमानोंदणी आणि प्रत्येक सरकारी रुग्णालयात वेदनाशमनाचा विभाग. एवढे झाल्यावर मग कामगाराला विचारा, तुला कसे मरायचे आहे.